चिठ्ठीवर चिठ्ठी

शिलाईच्या दुकानात चिंध्या कोणी मुद्दाम करत नाही. कपडे शिवता शिवता त्या खाली पडतात, आणि एक दिवस पाहावं तर मशीनखालचं पोतं गच्च भरलेलं! माझे अब्बा धानोऱ्यातले टेलर, त्यामुळे ते पोतं मला चांगलं माहीत. आमच्या झाडांच्या खोलीतले किस्से असेच जमा झाले. आम्ही आपलं काम करत होतो, हसायला म्हणून कोणी बसलं नव्हतं. आता ती खोली बंद झाली, सगळी झाडं नागपूरला गेली. पण पेटीतून स्वेटर काढताना डांबरगोळ्यांचा वास आला, की मी मनानं तिथंच जाऊन बसते.

खोली म्हणजे काय, ते आधी सांगते. इकडच्या जंगलातल्या झाडांचे नमुने ठेवायची जागा. फांदी रद्दी पेपरात दाबून वाळवायची, जाड पांढऱ्या कागदावर टाके घालून बसवायची, कोपऱ्यात चिठ्ठी डकवायची आणि कीड लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकलेल्या कपाटात ठेवायची. चिठ्ठीवर झाडाचं शास्त्रीय नाव, ते कुठं मिळालं, आणि नाव कोणी ठरवलं. काम करणारे आम्ही तिघं. मॅडम पुण्याच्या, झाडांचंच शिकलेल्या. गेडामभाऊ जंगलातून फांद्या आणणारे. आणि मी, सातवी पास, टाके घालणारी.

खरं तर चौघं. माझी सना माझ्यासोबत यायची आणि टेबलाखाली बसायची. तीन वर्षांची होत आली होती, आणि तोंडातून एक शब्द नाही. "अम्मी" सुद्धा नाही.

मोठ्या दवाखान्यात कान तपासून आणले. "कान चांगले आहेत, थोडं थांबा," म्हणाले. थांबा म्हणायला त्यांचं काय जातं! मी दिवसभर टाके घालायची आणि टेबलाखाली कान लावून बसायची.

*

पहिल्या दिवशी मॅडमनी एक वाळकी फांदी समोर ठेवली आणि म्हणाल्या, "शबानाताई, ही कागदावर शिवून दाखवा."

मी इतकी घाबरलेली, की सवयीनं तोंडातून निघालं, "मॅडम, माप?"

मॅडम हसल्या नाहीत. पण गेडामभाऊ दारातून म्हणाले, "थोडी ढिली शिवा भाभी, वाढतं झाड आहे!"

*

मग कळलं, की झाडांची नावं बदलतात. मला वाटायचं शास्त्रज्ञानं एकदा नाव ठेवलं म्हणजे झालं. मॅडमनी सांगितलं, अभ्यास पुढं जातो, मग कळतं की हे झाड आपण ज्या घराण्यातलं समजत होतो त्यातलं नाहीच. मग नाव बदलायचं.

मी ओला फडका घेऊन जुनी चिठ्ठी काढायला बसले, तर मॅडम ओरडल्याच, "काढू नका! जुनी तशीच राहू द्यायची. नवी तिच्या वर लावायची."

मी म्हटलं, "मॅडम, दुकानाचं नाव बदललं तर जुनी पाटी उतरवतातच ना?"

"आणि जुन्या पाटीनं शोधत आलेलं गिऱ्हाईक कुठं जाईल?" मॅडम म्हणाल्या. "जुन्या पुस्तकांत जुनं नाव आहे. ते वाचून कोणी आला, तर त्याला हे झाड सापडायला नको?"

मला एकदम पटलं. तेव्हापासून आमच्या खोलीचा एकच कायदा झाला: एकदा लागलेली चिठ्ठी निघत नाही.

*

या कायद्यानं सगळ्यात जास्त हाल झाले ते येनाचे. पुस्तकात त्याला ऐन म्हणतात, आमच्याकडं येन. मगरीच्या पाठीसारखी साल असलेलं, जंगलात जिथं तिथं उभं असलेलं साधं झाड. पण शास्त्रज्ञांचं त्याच्यावर एकमत म्हणून नाही! एकानं एक नाव ठरवलं, दुसरा म्हणाला ते दुसऱ्याच झाडाचं, तिसऱ्यानं दोन्ही एकत्र केली, चौथ्यानं परत वेगळी. प्रत्येकाची चिठ्ठी त्या एका कागदावर.

नवी चिठ्ठी लावायला मी जागा शोधत होते. एका बाजूला पान, एका बाजूला फळ, मधे टाके, बाकी सगळ्या चिठ्ठ्याच चिठ्ठ्या.

गेडामभाऊ वाकून बघत म्हणाले, "मॅडम, आता एकच उपाय आहे."

"कोणता?"

"झाड काढून टाकू. चिठ्ठ्या मस्त दिसून राह्यल्या!"

*

बाभळीच्या वेळी तर कमालच. बाभळीचं नाव म्हणजे अकेशिया, हे एव्हाना मलासुद्धा पाठ झालं होतं. सातवी पास बाईला एक लॅटिन नाव येतं, म्हणून घरी भाजी चिरताना मी ते गुणगुणायची. आणि एक दिवस मॅडम म्हणाल्या, "शबानाताई, आपली बाभूळ आता अकेशिया राहिली नाही. व्हॅकेलिया झाली."

"मंग अकेशिया कोणाले देलं?" गेडामभाऊंनी विचारलं.

"ते नाव आता ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडं राहिलं."

गेडामभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आपल्याले कोणी इचारलं बी नाई? निदान बाभळीले तरी सांगाचं होतं!"

संध्याकाळी ते घरी जायला निघाले, तर कुंपणाजवळच्या बाभळीपुढं उभे. मी विचारलं, "काय करून राह्यले भाऊ?"

"निरोप देऊन राह्यलो."

*

एटापल्लीकडच्या एका गावात मात्र हे नावांचं प्रकरण अंगाशी आलं. त्या गावच्या जंगलात कोणकोणत्या जातीची झाडं आहेत, याची यादी मॅडमनी गावासमोर वाचली होती. लांबच लांब यादी. गावकरी खूश! आजूबाजूच्या गावांत सांगत फिरले, "आमच्याएवढ्या जाती कोणाकडंच नाई."

पुढं मॅडमना कळलं, की यादी वेगवेगळ्या लोकांनी भरली होती. एकानं जुनं नाव लिहिलं, दुसऱ्यानं नवं, तिसऱ्यानं अजून तिसरंच. झाड एक, आणि कॉम्प्युटर त्याला तीन जाती धरून बसलेला. मॅडमनी नावं जुळवून यादी दुरुस्त केली आणि दुसऱ्या वर्षी परत गावात वाचली. मी आणि सनापण गेलो होतो. यादी एकदम आखूड झाली होती.

मग मागून एक म्हातारी उठली. "बाई, मागच्या साली तं लय जाती होत्या. कुठी गेल्या? कोणं तोडल्या?"

"कोणी तोडल्या नाहीत आजी," मॅडम म्हणाल्या. "एकाच झाडाची तीन नावं झाली होती. आम्ही ती एकत्र केली."

"म्हंजे एकालेच तीनदा मोजलं?"

"हो. चूक आमचीच."

म्हातारीच्या शेजारी बसलेला माणूस हात जोडून उभा राहिला. "मॅडम, आम्ही राशनकार्डात असं केलं असतं, तं तुम्ही आम्हाले आत टाकलं असतं!"

सगळी सभा हसली, मॅडमपण हसल्या. मी पण हसले. मग ती म्हातारी सनाजवळ आली, तिचा गाल धरून म्हणाली, "तुयं नाव काय वं?" सना माझ्या ओढणीत घुसली. मी नेहमीसारखं घाईघाईत "सना" सांगून टाकलं. परत येताना जीपमध्ये मला कोणाचंच हसू ऐकू येत नव्हतं.

*

सासूबाईंचा खोलीवर राग होता. आधी म्हणाल्या, डांबरगोळ्यांच्या वासानं बच्चीची जीभ जड झाली. मॅडमनी सनाला बसायला खिडकीजवळचं टेबल दिलं, गोळ्यांची कपाटं दुसऱ्या खोलीत नेली. तरी काही नाही. मग एक दिवस मी घरी येनाच्या चिठ्ठ्यांचा किस्सा सांगितला. मला वाटलं हसतील.

सासूबाई भाकरी थापता थापता थांबल्या. "आता समजलं! तिथं एका झाडाले इतकी नावं. बच्ची बिचारी सोचत असंल, यातलं कोणतं बोलू?"

नवरा खो खो हसला. मी पण हसले, आणि रात्रभर तेच डोक्यात. खरंच तसं असलं तर?

शेवटी घरात ठरलं. महिना संपला की मी काम सोडायचं आणि सनाला पोरांच्यात ठेवायचं. मी मॅडमना सांगितलं. त्यांनी नुसतं माझ्यापुढं दोऱ्याचं नवं रीळ ठेवलं.

*

त्याच महिन्यात मॅडम लग्नाच्या सुट्टीवरून परत आल्या. त्यांच्या दारावर त्यांच्या नावाची पाटी होती. गेडामभाऊंनी त्या पाटीवर एक नवी चिठ्ठी डकवून ठेवली होती. त्यावर मॅडमचं नाव, नवऱ्याचं आडनाव, आणि खाली आमच्या पद्धतीनं: "नाव कोणी ठरवलं". पुढं जागा रिकामी.

मॅडम दारातच थांबल्या. "हे काय आहे?"

"इथी काय लिहू मॅडम?" गेडामभाऊ पेन घेऊन तयार. "सासूबाई का साहेब?"

"माझं नाव मी ठरवते. आणि मी ते बदललेलं नाही. काढा ती चिठ्ठी!"

गेडामभाऊंनी पेन खिशात ठेवलं. "कायदा आहे मॅडम. एकदा लागलेली चिठ्ठी निघत नाई!"

खोली बंद झाली त्या दिवसापर्यंत ती चिठ्ठी दारावर होती.

*

आता शेवटचा. माझे शेवटचे काही दिवस राहिले होते आणि दिल्लीहून एक मोठे साहेब खोली बघायला येणार होते. त्याआधी प्रत्येक कागदावरचं नाव कॉम्प्युटरमधल्या नावाशी जुळवायचं होतं. मी एकेक कागद उचलायची आणि अडखळत नाव मोठ्यानं वाचायची. मॅडम स्क्रीनवर बघून सांगायच्या. त्यांची उत्तरं तीनच. नाव बरोबर असलं तर, "चालू आहे." नवं झालं असलं तर, "बदललं, चिठ्ठी लावा." आणि शास्त्रज्ञांचं अजून भांडण चालू असलं तर, "पक्कं नाही, बाजूला ठेवा."

सकाळी बसायचं ते संध्याकाळपर्यंत. मी वाचतेय, मॅडम सांगताहेत. खिडकीजवळच्या टेबलाखाली सना पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक रचतेय. मी मधूनमधून वाकून बघायची. ती मान वर करायची, परत खाली घालायची.

साहेब आले. उंच, कोट घातलेले, सोबत चार माणसं. त्यांनी येनाचा कागद बघितला, टाके बघितले, "व्हेरी नीट," म्हणाले. मग त्यांना टेबलाखालचे पाय दिसले. एवढा मोठा माणूस, कोट सावरत खाली वाकला आणि हात पुढं करून म्हणाला, "अरे वा! बेटा, तुझं नाव काय?"

मी "सना" म्हणायला तोंड उघडलं. मॅडमनी माझा हात दाबला, कोण जाणे का.

सनानं हातातला पुठ्ठा खाली ठेवला. साहेबांकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. आणि अगदी मॅडमच्या आवाजात म्हणाली,

"पक्कं नाई. बाजूला थेवा!"

आणि साहेब खरंच बाजूला झाले.