चाळीस रुपयांची पाटी

वामन गेल्याचं मला कर्जतला कळलं. एका तेलगिरणीच्या भिंतीवर अक्षरं काढत मी शिडीवर उभा होतो. एसटीतून आमच्या शेवगावचा एक जण उतरला आणि खालूनच ओरडला, "सदा, आरं वामन पेंटर गेला!" मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. दहाव्याला मात्र हजर होतो, आणि तिथं जे ऐकलं त्यानं आज दीड महिन्यानंतरही माझं डोकं तापतंय. जो तो एकच म्हणत होता, "देवमानूस हुता! पैशाचं नाव काढलं न्हाई कधी." अरे, तुम्ही काढू दिलंत का त्याला? पुढं दुखवट्याला त्याच्या वडिलांच्या खांद्यावर एकेकानं टॉवेल घातला, डोक्यावर टोपी ठेवली. वामनला जन्मभर जे देऊन वाटेला लावलं, तेच बापालाही दिलं. चोविसाव्या वर्षी गेलेल्या पोराचा जन्म तो केवढा! पण टॉवेल-टोपीचा हा हिशोब तिथं कोणाला सुचला नाही.

वामन आणि मी एका वर्गातले. ड्रॉइंगच्या परीक्षा बरोबरच दिल्या आणि सत्तर साली भाजीबाजाराच्या मागं समोरासमोर दोन खोल्या घेऊन आम्ही पेंटर झालो. दुकानांच्या पाट्या मी बऱ्या रंगवायचो. चेहरा काढावा तर वामननं. आमच्या भागात वारलेल्या वडीलधाऱ्यांची तसबीर घरात लावायची हौस दांडगी, आणि त्यांचा फोटो बहुतेक वेळा नसायचाच. मग वामन घरच्यांना ओळीनं समोर बसवायचा. नाक कोणाच्या वळणाचं, थोरल्याच्या की धाकट्याच्या? कपाळ? मिशा? असं विचारत विचारत पाच-सहा दिवसांत तो कधी न पाहिलेला म्हातारा कापडावर आणून बसवायचा. तसबीर न्यायला आलेल्या बायका पदर तोंडाला लावून रडायच्या.

आणि तिथंच घोटाळा व्हायचा. पहिलं काम एका आडत्याच्या वडिलांचं. आडत्यानं डोळे पुसत विचारलं, "किती द्यायचे रं?" वामनचे कान लालबुंद झाले. म्हणाला, "द्या समजून." झालं! आडत्यानं लगेच मान डोलावली, "व्हय, बापाच्या तसबिरीचा का कुठं भाव करत्यात?" टॉवेल-टोपी घातली, नारळ दिला आणि वर पाच रुपये ठेवले. नुसते रंगच नऊ रुपयांचे गेले होते. मी खवळलो, "खुळा का काय तू?" तर हा म्हणतो, "सदा, ते रडत हुते रे. रडत्या मान्साला रुपये कसे सांगू?" पुढच्या बाजाराच्या दिवशी तो पाचाचा आकडा तालुकाभर झाला. जो येईल तो म्हणायचा, "आडत्याचं पाचात केलंस, आमालाच का जास्ती?" एकदा घेतलेला भाव धंद्यातल्या नव्या माणसाच्या मानेवर असा बसतो, की तो उतरवताना मान मोडते. हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. शाळेत सावली कशी द्यायची तेवढं शिकवलं.

बहात्तरच्या दुष्काळात मीच त्याला धरून बसवलं. म्हटलं, "लिही. रंगाचे नऊ. मांजरपाट, सरस, चौकट मिळून सात. सहा दिवसांची मेहनत. खडी फोडणाऱ्या बाईला मिळते तेवढीच तीन रुपये रोजी धर, जास्त नको." बेरीज चौतीस आली. त्याचा विश्वासच बसेना. सहा दिवस डोळे फोडून आपण खडीवरच्या बाईएवढंही मिळवत नाही, उलट घरचेच पैसे घालतो हे त्यानं पहिल्यांदाच पाहिलं. मी म्हटलं, "वर सहा रुपये तुझ्या हाताचे." मग त्यानं शाळेतली पाटी काढली आणि पांढऱ्या रंगानं सुरेख अक्षरात लिहिलं, 'तसबीर चाळीस रुपये. निम्मे आगाऊ.' दारासमोरच्या भिंतीवर टांगली. पण कोणी म्हातारी रडत आली, की हा गुपचूप पाटी भिंतीकडं फिरवायचा. मी समोरून बघायचो, तणतणत जायचो, पाटी पुन्हा सरळ करायचो. असं कितीदा झालं असेल...

एक दिवस मात्र तो बोलला. मोठा बागायतदार आला होता, विहिरीला पाणी असलेला, आईची तसबीर हवी होती. वामननं पाटीकडं बोट केलं आणि म्हणाला, "चाळीस." कान लाल झाले होते, पण म्हणाला. बागायतदार तडक रस्ता ओलांडून माझ्याकडं आला. "तुझ्या दोस्ताचं डोकं फिरलंय. तू काय घेशील?" महिनाभर माझ्याकडं एकही काम नव्हतं. घरी रेशनच्या लाल मिलो ज्वारीचं पीठसुद्धा उधारीवर चाललं होतं. मी म्हणालो... पंधरा.

हो, मीच. ज्यानं बेरीज करून दिली त्यानंच. लोकांवर एवढा संतापतोय, तो त्यांच्यावर किती आणि स्वतःवर किती, हे आता माझं मलाच सांगता येत नाही. तसबीर वाळत असताना वामन माझ्या खोलीत आला. तसबिरीपुढं वाकून बघू लागला. मला वाटलं, शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या त्यानं! नुसतं म्हणाला, "कान झकास जमलाय रे." आणि गेला. त्यानंतर तो कोणाला चाळीस म्हणाला नाही. पाटी भिंतीकडं तोंड करून राहिली, आणि ती सरळ करायला जायचं तोंड मला उरलं नव्हतं.

यंदा त्याला कावीळ झाली. डॉक्टरला पैसे नव्हते म्हणून झाडपाल्यावर पंधरा दिवस काढले. त्याच्या हातच्या तसबिरी गावात किती भिंतींवर आहेत, आणि त्याच्या ट्रंकेत काय होतं? टॉवेल. कोरे, घडीचे, थप्पीच्या थप्पी.

गेल्या आठवड्यात तो आडत्या आणि दोघे जण माझ्याकडं आले. वाचनालयात वामनची तसबीर लावायची म्हणाले. "लई मोठा कलावंत हुता. तू काढ. दोस्ताचंच काम हाय, समजून देऊ कायतरी." वामनचा फोटो नाही. त्याचं नाक आईच्या वळणाचं आहे, कपाळ वडिलांचं, आणि लाल होणारे कान कोणाचेच नाहीत, ते मला आठवून काढावे लागतील. मी म्हणालो, "चाळीस रुपये. वीस आगाऊ. आणि पैसे त्याच्या आईच्या हातात द्यायचे." आडत्या उखडला. "दोस्त ना रं तुजा? लाज न्हाई वाटत?" मी म्हटलं, "वाटते. म्हणून तर चाळीस."

ते तरातरा निघून गेले. वामनचा चेहरा पाठ असलेला दुसरा पेंटर मिळाला नसावा, बाजाराच्या दिवशी परत येऊन वीस रुपये देऊन गेलेत, माझ्यादेखत, त्या माउलीच्या हातात. तसबीर सुरू केली आहे. वामनची पाटी आता माझ्या दारासमोर सरळ टांगलेली असते. कोणी रडत आलं, तर मी बसायला चटई देतो, पाणी देतो, रडणं होईस्तोवर थांबतो. पाटीला हात लावत नाही. दीड वर्षापूर्वी एकदाच, त्या बागायतदारासमोर, पाटीवरचा भाव, एवढंच सांगायला हवं होतं मी.