पडद्यावर मी प्यायलेलं पाणी

गेल्या महिन्यातला तिसरा शनिवार, सकाळी अकरा. निगडीजवळच्या एका कॉलेजचं सभागृह. चाकणच्या पुढच्या आमच्या गावातून आम्ही सहा जण हजर: मी, बायको, शेजारचे सोपानराव आणि वाडीवरचे तिघे. जीपचं भाडं अठराशे, माणशी तीनशे. माहितीपट पाण्यासाठी झगडणाऱ्या गावांवर होता. त्यात आमचं गाव होतं, म्हणून आमंत्रण.

आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. गळ्यात ओळखपत्र घातलेली एक मुलगी आली.

"काका, ही रांग पाहुण्यांची आहे. तुम्ही मागे बसा ना."

मागे गेलो. आमच्या जागेवर येऊन बसले ते आमच्या ओढ्यात घाण सोडणाऱ्या कंपनीचे मॅनेजर.

आमची तक्रार त्यांच्याच कंपनीवर आहे. घाण सुरू होऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून विहिरीचं पाणी तांबूस, वर तेलाचा तवंग. मी एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे, मोजायची सवय. रोज सकाळी सहाला पाणी बाटलीत धरतो, रंग आणि वास वहीत लिहितो. अशा सात वह्या झाल्या. त्यांच्या जोरावर राजगुरुनगरच्या प्रांत कचेरीत सुनावणी लागली होती. पुढच्याच सोमवारी.

माहितीपट करणारी सानिका याच कॉलेजची. पंधरा दिवस आमच्या घरी येत होती. बायकोला काकू म्हणायची, मांडी घालून पिठलं-भाकरी खायची. एका दुपारी जेवण झाल्यावर म्हणाली, "काका, या भिंतीपाशी उभे राहा, उजेड छान आलाय. एक घोट पाणी प्या ना."

विहिरीचं पाणी आम्ही गुरांनाही दाखवत नाही. तिने स्वतःच्या बाटलीतलं ग्लासात ओतलं. प्यायलो. गार होतं. हसलो असेन.

मग तिने एक इंग्रजी कागद पुढे केला. कारखान्यात माल मोजल्याशिवाय मी चलनावर सही करत नाही. पण आपल्या घरी नुकत्याच जेवलेल्या पोरीला, यात काय लिहिलंय, असं विचारणं आमच्याकडे बरं दिसत नाही. सही केली.

पडद्यावर आमचं गाव शेवटी आलं. वह्या कुठेच नाहीत. कंपनीने चावडीजवळ बसवलेलं पाणी शुद्ध करायचं यंत्र आलं. ते उद्घाटनानंतर नऊच दिवस चाललं, हे नाही आलं. मग मी. ग्लास. घोट. हसू. मागून निवेदनाचा आवाज: इथल्या विहिरीचं पाणी आता पुन्हा गोड झालं आहे.

टाळ्या. अख्खं सभागृह.

सोपानराव माझ्याकडे वळले. "राव, एवढं गोड पाणी, आन् आमाला कधी बोलावलं न्हाई प्यायला?"

बोलणं चेष्टेचं होतं, नजर नव्हती. त्यांच्या नातीच्या अंगावरचं पुरळ अजून गेलेलं नाही. मी कंपनीला फितूर झालो, असं त्यांना वाटलं. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही वाटलं असतं.

मॅनेजर स्टेजवर गेले. म्हणाले, "ज्यांनी तक्रार केली तेच आज समाधानी आहेत. आणखी कोणता पुरावा हवा?"

तेव्हा कळलं. माझं तोंड माझ्याच तक्रारीविरुद्ध साक्षीला उभं केलं होतं.

मी उठलो. "साहेब, ते पाणी आमच्या विहिरीचं नाही. या कॉलेजच्या विद्यार्थिनीच्या बाटलीतलं आहे."

कुणीतरी हसलं. सानिकाचे प्राध्यापक माईकवर म्हणाले, "काका, प्रश्नोत्तरांची वेळ संपली. बाहेर तुमच्यासाठी जेवण ठेवलंय. जेवून जा."

आम्ही सहाही जण न जेवता निघालो. दारात सानिका धावत आली.

"काका, प्लीज समजून घ्या. निधी कंपनीचा होता. शेवट सकारात्मक हवा, असं सरांनी सांगितलं. आणि संमतीपत्रावर तुमची सही आहे ना."

बायको पुढे झाली. "माझ्या चुलीपुढं बसून खाल्लंस गं पोरी," एवढंच म्हणाली आणि जीपमध्ये जाऊन बसली.

रविवारी मी कॉलेजला पत्र लिहिलं: माझा चेहरा काढा. उत्तर आलेलं नाही. सोमवारी सुनावणीत कंपनीच्या वकिलाने लॅपटॉप उघडून तोच घोट दाखवला.

प्रांतसाहेबांनी विचारलं, "हे तुम्हीच ना?"

"मीच. पाणी आमचं नाही. सही माझी आहे, चूक माझी आहे. तक्रार मागे घेणार नाही."

"मग विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल आणा. वह्या चालणार नाहीत."

चार वर्षांत हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी रजा टाकली. विहिरीवर वाडीतली सगळी घरं बोलावली, सगळ्यांसमोर प्रयोगशाळेच्या माणसाने बाटल्या भरल्या, सील केल्या. पंचनाम्याचा कागद मराठीत होता. सोपानरावांनी तो मोठ्याने वाचला, मगच अंगठे आणि सह्या झाल्या. अहवाल आला की पुढची तारीख मी मागणार, आणि तिथे नाही ऐकलं तर वरच्या कोर्टात जाणार.

तीन नमुन्यांचे सहा हजार तीनशे झाले. निम्मे मी, निम्मे सोपानरावांनी, प्रयोगशाळेच्या खिडकीवर रोख भरले.