चुलीमागची ज्योतवंती

भिजल्या लाकडाचा कुजका वास आला की भिवपुरीची ती संध्याकाळ आठवते. चुलतीचा एकुलता मुलगा पावसाळ्यात रानात गेला, तो परतलाच नव्हता. त्याच रानातलं ओलं सरपण तिनं चुलीमागे वाळत टाकलं होतं. वीज गेली आणि त्यातला एक ओंडका हिरवट उजळला. कुजक्या लाकडावरच्या अळंबीचा हा उजेड. आमच्याकडे त्याला ज्योतवंती म्हणतात, घरात आणत नाहीत. मी ओंडका बाहेर टाकायला उठले, तेवढ्यात वीज आली. चुलती ओरडली, "बत्ती बंद कर गं, त्यो जाईल!" पुढे ओंडका सुकू नये म्हणून ती त्यावर रोज पाणी शिंपडायची. आता चुलतीही नाही. परवा ऐन उन्हाळ्यात तिचं बंद घर उघडलं. बत्ती न लावताच मी ओंडक्याला हात लावला. ओला होता.