शायबा म्हणजे वॉशर

आमच्या भिलाईत बर्फ दोनच ठिकाणी दिसायचा. एक सुपेल्याच्या बाजारात उसाच्या रसाच्या गाडीवर, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. दुसरा ज्या साहेबांकडे फ्रिज होता त्यांच्या घरी, तोही वरचा साहेब पाहुणा आला तरच. अशा गावात, ऐन एप्रिलात, कूलरच्या वाळ्यावर पाणी मारता मारता आमच्या डिपार्टमेंटनं आईस हॉकीच्या जागतिक स्पर्धेत कोण जिंकणार याचा अंदाज बांधला. आणि त्या अंदाजाला माझी नोकरी टांगून ठेवली.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती आणि पोलादाच्या प्लांटमध्ये रशियन इंजिनियर अजून होते. बाबा प्लांटमध्ये कारकून, मूळ भंडाऱ्याकडचे. आमचं क्वार्टर सेक्टर १० मध्ये. बी.एस्सी. झाल्यावर मी संध्याकाळच्या वर्गात दोन वर्षं रशियन शिकले. बाबांच्याच डिपार्टमेंटमधला जुना अनुवादक रिटायर झाला तेव्हा त्याच्या खुर्चीवर मला सहा महिन्यांसाठी टेम्पररी बसवलं. मे महिन्यात निवडीचं बोर्ड बसणार होतं. पसंत पडले तर परमनंट, नाही तर तुमसर.

तुमसर म्हणजे तिथलं राइस मिलवाल्यांचं स्थळ. माणसं वाईट नव्हती. फक्त चहा पिता पिता सहज सांगून गेली की आमच्याकडे सुना नोकरी करत नाहीत, गरजच काय. बाबांनी माझ्याशी सरळ करार केला. "परमनंट झाली तं मी त्याईले नाही म्हणतो. नाही झाली तं तू हाव म्हण. मंग रडाचं नाही." मी कबूल केलं. आपलं रशियन किती पक्कं आहे याचा मला फार गर्व होता.

हे रशियन कसं, तर प्लांटचं. आमच्या पुस्तकात पहिला धडा नट-बोल्टचा, दुसरा बेअरिंगचा, आणि "ही माझी आई आहे" हे वाक्य पार शेवटी, ग्रीसच्या नंतर. मला गिअरबॉक्सचे अठरा भाग रशियनमध्ये सांगता यायचे, पण कुणी रशियन बाई भेटली तर तिला "जेवलात का" विचारता येत नव्हतं. कुणी जेवलं की नाही याच्याशी प्लांटला काय करायचं होतं म्हणा.

तर, रशियन पाहुण्यांसाठी दर वर्षी क्लबात मैत्रीची संध्याकाळ व्हायची आणि तिच्यात ही अंदाजाची स्पर्धा असायची. चिठ्ठीवर पहिला, दुसरा, तिसरा असे तीन देश लिहायचे आणि मिठाईच्या रिकाम्या डब्यात टाकायचे. बक्षीस एक समोवार, म्हणजे रशियन लोकांचं चहाचं पाणी उकळायचं नक्षीदार भांडं. आईस हॉकी आमच्यापैकी कुणी बापजन्मी पाहिली नव्हती. एका विद्वानानं पहिला भारत, दुसरा पाकिस्तान असं लिहून टाकलं होतं. हॉकी म्हटल्यावर तिसऱ्याचा विचार कोण करतो. बाकी सगळे मात्र शहाणे होते. त्यांना न लिहिलेला नियम माहीत होता, की पहिला नंबर सोव्हिएत संघालाच द्यायचा. पाहुण्यांच्या तोंडावर दुसरं काही लिहिणं म्हणजे पंगतीत बसून नवरीच्या बापाला वरण खारट आहे म्हणण्यासारखं.

आमच्या साहेबांना तो समोवार पाहिजे होता. साहेब नागपूरचे, मेकॅनिकल मेंटेनन्सचे मोठे अधिकारी, आणि शेजारच्या बंगल्यातल्या साहेबांकडे समोवार आधीच पोचला होता. यापेक्षा मोठं कारण माणसाला लागत नाही. पहिल्या नंबराबद्दल शंका नव्हतीच. दुसरा-तिसरा अचूक जमवावा म्हणून त्यांनी कुठून तरी एक रशियन वर्तमानपत्र मिळवलं आणि दार लावून माझ्यापुढे ठेवलं. "याचा अनुवाद करून दे. कोणाले सांगायचं नाही."

मी रात्रंदिवस नट-बोल्ट घोकलेली मुलगी. लेखात पावलोपावली "शायबा" हा शब्द होता आणि तो मला डोळे मिटून येत होता. शायबा म्हणजे वॉशर. "वरोता" म्हणजे गेट. "झाश्चिता" म्हणजे सुरक्षा. मी साहेबांना स्वच्छ अक्षरात लिहून दिलं, की यंदा चेकोस्लोव्हाकियाचे वॉशर फार वेगानं आणि नेमके गेटमधून आत जातात, आणि आपल्या गेटवरची सुरक्षा ढिली पडली आहे.

"साहेब," मी म्हटलं, "खेळात वॉशर कावून येऊन राहिले, ते मले समजलं नाही."

"तुले मेकॅनिकल समजत नाही," साहेब म्हणाले. "त्याईच्या बुटाले चाकं-बिकं असतील. वॉशर चांगला तं मशीन चांगली. चेकवाल्याईचं मशीनिंग आपल्याले माहीत आहे नं." तीस वर्षांचा अनुभव बोलत होता, मी काय बोलणार. साहेबांनी चिठ्ठीवर पहिला नंबर चेकोस्लोव्हाकियाला दिला. इतकी शास्त्रशुद्ध माहिती हाती आल्यावर त्यांना तो न लिहिलेला नियम आठवलाच नाही.

क्लबात चिठ्ठ्या वाचायचं काम आमच्या डिपार्टमेंटच्या म्हाताऱ्या रशियन इंजिनियरकडे होतं आणि शेजारी दुभाषी म्हणून मी. सोव्हिएत संघ, सोव्हिएत संघ, सोव्हिएत संघ, टाळ्या, पुन्हा सोव्हिएत संघ. मग साहेबांची चिठ्ठी निघाली. म्हातारा थांबला. त्यानं चष्मा वर केला आणि विचारलं, असं का? साहेब उभे राहिले आणि भर सभेत म्हणाले, "त्यांचे वॉशर चांगले आहेत आणि तुमच्या गेटची सुरक्षा ढिली आहे."

मी त्याचं रशियन केलं. आता गंमत अशी, की माझी चूक उलट्या वाटेनं गेली आणि वाटेतच दुरुस्त झाली. आईस हॉकीत चेंडू नसतो, रबराची एक चपटी चकती असते, आणि रशियन लोक तिलाही शायबाच म्हणतात. वरोता म्हणजे गोल, झाश्चिता म्हणजे बचाव. हे तेव्हा मला माहीत नव्हतं. पण म्हाताऱ्यानं जे ऐकलं ते असं, की चेकची चकती अचूक चालते आणि तुमच्या गोलचा बचाव कच्चा आहे. भिलाईतल्या एका मेंटेनन्सवाल्यानं आईस हॉकीचं असं नेमकं निदान करावं, हे पाहून तो गंभीर झाला. त्यानं कपाळावरचा घाम पुसला आणि बराच वेळ साहेबांकडे पाहत राहिला.

तो विचार करत होता. पण पहिल्या रांगेतल्या आमच्या वरच्या साहेबांना वाटलं, पाहुण्यांचा अपमान झाला. त्यांची मान वळली आणि आमच्या साहेबांच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, जे झालं ते अनुवादाच्या चुकीमुळे झालं, तसा माफीनामा तू लिहून दे. रशियनमध्येच लिही, म्हणजे म्हाताऱ्याले डायरेक्ट समजन. एक प्रत फाइलला लागेल. मी विचारलं, माझ्या फाइलला? "मंग काय माझ्या?" साहेब म्हणाले.

मी तणतणत जागेवर येऊन बसले. मग लक्षात आलं, की साहेबांना रशियनचं एक अक्षर येत नाही. मी कागद घेतला आणि खरं काय ते लिहिलं. साहेबांच्या सांगण्यावरून मी माफी मागते आहे. शायबा म्हणजे वॉशर असं मी लिहिलं. मला वॉशर खेळात कसे येतात ते कळलं नव्हतं आणि मी तसं बोललेही होते. बाकी लेख मी नीट वाचला आहे, आणि तो वाचून माझाही अंदाज हाच आहे, की यंदा चेकोस्लोव्हाकिया जिंकेल. साहेबांनी कागद वरखाली पाहिला, "भाषा नम्र आहे नं?" विचारलं, आणि खाली ऐटीत सही ठोकली.

म्हाताऱ्यानं तो माझ्यासमोरच वाचला. वॉशरपाशी आला आणि जो हसत सुटला, की चपराशी पाण्याचा ग्लास घेऊन धावत आला. मग त्यानं कागदाच्या मागच्या बाजूला मला चकती काढून दाखवली, काठी काढून दाखवली, गोल काढून दाखवला. मला धरणी दुभंगावी असं झालं. पण तो म्हणाला, लेखाचा अर्थ तुला बरोबर लागला आहे, अर्थ लागणं महत्त्वाचं. त्यानं माझ्या माफीनाम्याखाली दोन वाक्यं लिहिली, सही केली आणि कागद परत दिला. तोच माझ्या फाइलीला लागला. आठवड्याभरात त्याची मुदत संपली आणि तो त्याच्या देशी निघून गेला.

मग निकाल आला. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात चार ओळी होत्या. चेकोस्लोव्हाकिया पहिला. अख्ख्या डब्यात बरोबर चिठ्ठी एकच निघाली आणि समोवार साहेबांच्या बंगल्यावर गेला. साहेबांनी क्लबात आईस हॉकीवर वीस मिनिटं भाषण दिलं. त्यात वॉशर तीनदा आले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी त्यांना गाठलं. "साहेब, अंदाज बरोबर निघाला. आता तं तो माफीनामा काढा फाइलीतून."

"अंदाज माझा होता," साहेब म्हणाले. "चूक तुयी होती." मी म्हटलं, निदान म्हाताऱ्यानं खाली काय लिहिलं ते तरी ऐका, आणि वाचून दाखवलं: ही मुलगी अनुवाद बरोबर करते. मी तिच्यावर विश्वास ठेवतो. साहेब हसले. "तू तं असंच वाचशीन."

त्यांच्या दृष्टीनं मुद्दा बिनतोड होता. उमेदवारानं स्वतःबद्दलच्या मजकुराचा अनुवाद स्वतःच करून द्यायचा नाही, असा नियमच निघाला. कागद प्लांटच्या मोठ्या अनुवाद शाखेत गेला आणि तिथून परत आला. शेरा होता, की मजकूर तांत्रिक नाही, सबब अनुवाद होणार नाही, आपल्या विभागाच्या अनुवादकाकडून करून घ्यावा. आणि आमच्या विभागात अनुवादकाचं पद रिकामं होतं, कारण मी परमनंट नव्हते. मे महिन्यात बोर्ड बसलं. माझ्या फाइलीत एक माफीनामा होता आणि त्याखाली लिहिलं होतं, "रशियन मजकूर. अनुवाद अपेक्षित." बोर्डानं पद सध्या रिकामंच ठेवायचं ठरवलं. ही सगळी माहिती मला बाबांनी दिली, कारण आमच्या विभागातल्या माणसांच्या फाइली बाबांच्याच टेबलावर असायच्या.

त्या दिवशी मी बाबांशी खूप भांडले. तुमच्या हातात फाइल होती, एक कागद बाजूला काढता आला नाही तुम्हाला? बाबा म्हणाले, "लागलेला कागद काढाचा नसते, बाई." मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मग करार ठरल्याप्रमाणे तुमसरला हो म्हटलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी, मांडवात माणसं जेवत असताना, बाबांनी मला मागच्या अंगणात बोलावलं आणि शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. म्हाताऱ्याची ती दोन वाक्यं. बाबांनी फाइल उघडून ती उतरवून घेतली होती, एक अक्षर ओळखत नसताना, नक्षी काढावी तशी पाहून पाहून. "वाच," म्हणाले.

मी वाचली. ही मुलगी अनुवाद बरोबर करते, इथपर्यंत अक्षरं वाकडीतिकडी होती पण होती. पुढं अडले. रशियनमध्ये "मी" म्हणायला एकच अक्षर पुरतं, आणि ते दिसतं उलट्या काढलेल्या इंग्रजी आरसारखं. बाबांच्या कागदावर तिथं सरळ आर होता.

"त्यानं आर उलटा काढला होता," बाबा म्हणाले. "घाईत असन. मी दुरुस्त केला. तुह्या कागदात आता चूक नको."