तिसरी जुडी

त्या खोऱ्यात त्याला सगळे ‘दुर्बीण’ म्हणत. पोटापाण्यासाठी तो पाणचक्की चालवी, पण लोकांच्या मते त्याचा खरा उद्योग म्हणजे संशय घेणं. दळण न्यायला आलेल्याने पिठाचं पोतं हाताने जोखून पाहिलं, की याला वाटे, हा माझ्यावर चोरीचा आळ घेतोय. न पाहताच उचललं, तर मग याच्या मनात आहे तरी काय? बायको हसून सोडून देई. तेही त्याला खटके.

खरा सल मात्र एकच होता. बापाने दोन मुलांना दोन चक्क्या दिल्या. थोरल्याला वरची, याला खालची. नदी एकच. दादाच्या पाटातून फिरून मगच पाणी याच्याकडे येई, आणि आपल्या वाट्याला उष्टं पाणी आलं, हे काही त्याच्या मनातून जात नसे.

नदीवर मात्र त्याचा जीव होता. शिखरांवरचा बर्फ वितळेल तशी ती चढे. सकाळी तळाचे गोटे दिसतील इतकी नितळ, दुपारी गढूळ आणि तोंडाळ. संध्याकाळी पाण्याखालून धोंडे गडगडत जात, त्याशिवाय त्याला झोप येत नसे. दोन्ही चक्क्यांमध्ये जुनी रीत होती. वरच्याला पाणी तोडायचं झालं, की त्याने ओल्या फांद्यांची एक जुडी प्रवाहात सोडायची. ती दिसली, की खालच्याने नवं दळण घालायचं नाही. भावाभावांत बोलणं उरलं नव्हतं, पण ही रीत दोघांनी पाळली होती.

त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. दुपारी नदी फुगायला हवी, तर ती आटत चालली. चक्की धापा टाकत थांबली. डबक्यांत मासे तडफडू लागले आणि दगडांवर शेपट्या हलवत बसणारे पक्षी कुठे दिसेनात. मग उरल्यासुरल्या धारेतून एक जुडी आली. थोड्या वेळाने दुसरी, मग तिसरी.

त्याच्या मनात पाल चुकचुकली. आज नेमकं पाववाल्याचं मोठं दळण होतं, आणि ते दादाला कळल्याशिवाय राहिलं नसणार.

“अहो, पाणी तोडायला एक जुडी पुरते,” बायको म्हणाली. “तीन कशाला पाठवतील? वर काहीतरी बिनसलंय.”

“मला डिवचायला पाठवतोय,” तो म्हणाला. “मी त्याला रंगेहाथ पकडतो.”

मग त्याने हुशारी केली, म्हणजे त्याला तरी ती हुशारी वाटली. चक्कीच्या दाराला आतून कडी घातली आणि मागच्या सैल फळीतून तो बाहेर पडला. नदीकाठच्या वाटेने गेलं तर दादा लांबून पाहील, म्हणून रानातली चढणीची वाट धरली. घर चक्कीच्या वर, उतारावर होतं. जाता जाता बायकोला बजावलं, कुणी विचारलं तर मी चक्कीत झोपलोय म्हणून सांग.

वर पोचला तर दादाच्या पाटाची फळी सताड उघडी, पाट कोरडा ठणठणीत. वहिनी शेळ्या घेऊन उंचावर बसली होती. त्याला पाहून ती उठलीच.

“भाऊजी, तुम्ही इथे? मग हे कुणाला आणायला गेलेत?”

वरच्या अंगाला दरड कोसळून नदी अडली होती. मागे पाणी तुंबत होतं आणि मातीचा तो बांध टिकणारा नव्हता. दादाने जुडीमागून जुडी सोडली. खालून कुणीच येईना, तेव्हा काठच्या वाटेने तो स्वतः धावत सुटला होता.

हाही धावला. अर्ध्या वाटेवर चिखलाचा वास आला, मग आवाज. झाडं पोटात घेऊन नदी त्याच्या पायाखालच्या दरीतून निघून गेली.

बायको उतारावर बसली होती. दादाने खालूनच विचारलं होतं, तो कुठे आहे? तिने शिकवल्याप्रमाणे सांगितलं. “वर पळ” असा तिला हात करून दादा चक्कीकडे गेला आणि बंद दार ठोठावत राहिला.

वरची चक्की खडकाच्या आडोशाला होती, म्हणून वाचली. आता वहिनीसाठी तीच तो चालवतो. वहिनी वेळेवर चहा देते, भाऊजी म्हणते, आणि तो तिच्या चेहऱ्याकडे चोरून पाहत राहतो. हिला ठाऊक आहे का? बायकोने सांगितलं असेल? ठाऊक असेल तर ही बोलत का नाही? या एका संशयाने त्याला पोखरून काढलं. शेवटी एका सकाळी दळण घालता घालता त्याने आतल्या कडीचं आणि झोपेच्या थापेचं सगळं सांगून टाकलं.

वहिनी पीठ भरत राहिली.

“जाऊबाईंनी तेव्हाच सांगितलं मला,” ती म्हणाली. “दार वाजवताना हे तुम्हाला तुमच्या लहानपणच्या नावाने हाक मारत होते. ते तुम्हाला सांगायचं नाही, असं आम्ही दोघींनी ठरवलं होतं.”

तिने पोत्याचं तोंड बांधलं आणि दुसरं पुढे ओढलं.