सिद्रामप्पांचा कोरडा ठोकळा

सिद्रामप्पा माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी हातांकडे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सोलापूरच्या एका मिलमध्ये मी लागलो, तिथल्या उपकरण खात्यातले ते जुने फिटर. पहिल्या दिवशी मी नमस्कार केला, तर त्यांनी माझे जोडलेले हात उलटे करून पाहिले. "ओलं न्हाय, तेल न्हाय. या आत."

मी मंद्रूपचा, आमच्या भावकीतला पहिला बी.एस्सी. त्याचा मला अभिमान होता, अजून आहे. सहा महिन्यांनी मला कायम करणार होते आणि वडिलांनी ते गावभर आधीच सांगून ठेवलं होतं.

आमचं काम रंगखात्यातल्या तापमान मोजणाऱ्या कांड्या तपासायचं. त्यासाठी विजेवर तापणारा धातूचा एक ठोकळा होता, त्याला उभी भोकं. एका भोकात खात्रीची कांडी, शेजारी तपासायची; तापून आकडा स्थिर झाला की दोन्हींतला फरक वहीत लिहायचा. सिद्रामप्पांचा खात्रीच्या कांडीवरही विश्वास नव्हता. दर सोमवारी ते ती बर्फात बुडवून बघत. ठोकळ्यावर 'गरम' अशी पाटी सुट्टीच्या दिवशीही ठेवून जात. "निखारा लाल हून सांगतोय तरी," ते म्हणत. "ह्यो अडीचशेला बी असाच दिसतोय, गप."

सहाव्या महिन्यात एक कांडी भोकात सैल बसत होती. मधल्या हवेमुळे आकडा चुकणार, हे मला पुस्तकातून ठाऊक. कॉलेजात आम्ही थर्मामीटर तापत्या तेलात बुडवायचो. म्हणून सिद्रामप्पा यायच्या आत मी त्या भोकात तेलाचे चार थेंब सोडले आणि स्वतःवर खूश होऊन बसलो.

ते आले. बटण दाबण्याआधी तारेला चिंधी गुंडाळून त्यांनी रोजच्यासारखं एकेक भोक पुसलं. तिसऱ्यातून चिंधी तेलकट निघाली. ती त्यांनी नाकाशी धरली आणि सरळ इंजिनियरसाहेबांना बोलावून आणलं.

"तो यल्लप्पा असणार," साहेब म्हणाले. यल्लप्पा मागांना तेल घालायचा. "दिसेल तिथं ओततो. बोलवा त्याला."

"यल्लप्पा न्हवं, सायेब. जे फिरत न्हाय त्याला तेल घालायचं त्याला कवाच सुचणार न्हाय. त्यासाठनं कॉलेजात जावं लागतंय."

खात्यातले हसले. साहेब हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "मी घातलं." माझं कायम होणं त्यांनी तिथल्या तिथं तीन महिने पुढं ढकललं.

दुपारी डबा न उघडताच मी सिद्रामप्पांना म्हणालो, "तुम्ही मनात आणलं असतं तर मला वाचवलं असतंत."

"वाचवलंच की," भाकरी मोडत ते म्हणाले. "चालू केल्यावर तेल उसळून तुमच्या डोळ्यात गेलं असतं. सैल कांडीला मापाची नळी घालायची असती. लई नळ्या हायत खणात. इचारलं का तुमी?"

मी विचारलं नव्हतं.

पुढचे तीन महिने माझा एकही आकडा त्यांनी स्वतः पुन्हा तपासल्याशिवाय सोडला नाही. मग कायम झाल्याचं पत्र आलं. मी ते त्यांच्या हातात दिलं. उजेडाला धरून त्यांनी सही बघितली, शिक्का बघितला, आणि पत्र घेऊन ऑफिसात गेले. अर्ध्या तासानं परत आले.

"खरं हाय," ते म्हणाले. "आता कळवा वडलांना."