लांब, आखूड, लांब

मी न्हाव्यापुढं बसलो होतो, अर्ध्या गालाला साबण. पुतण्या धावत आला आणि म्हणाला, "आबा, काकू गेली." तसाच उठलो. तो साबण वाळून चितेपाशीही गालावर तसाच होता. दहाव्याला आलेल्या बाया म्हणत होत्या, मथुराबाई फार शांत होत्या हो. ऐकून माझं डोकं फिरलं. माझी बायको शांत नव्हती. तिनं एका पोलीस जमादाराच्या तोंडावर तापलेला तवा हाणला होता. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी हे लिहितो. शिक्षण मराठी तिसरी, चुकलं तर सोडून द्या.

इंग्रजांच्या वेळची गोष्ट. जळगावात चाळीत आमची दीड खोली, मागं मोरी आणि मोरीच्या पाण्यावर माजलेली केळ. मी सिनेमाच्या तंबूत मशीन चालवायचो. तिथं वायरलेसचा नाद लागला. घरात आपलं केंद्र उभारायचं आणि कुठल्या कुठल्या अनोळखी माणसाशी टिकटिक करत बोलायचं. रीतसर परवाना काढला. टेबल मावेना, म्हणून तिच्या लग्नातल्या पाटावर यंत्राचे काचेचे वाल्व बसवले, रॉकेलच्या बाटलीवर तार गुंडाळली. ती कमरेवर हात ठेवून उभी. "हाऊ मना पाट शे. जेवाले काय मी चुल्हावर बसू?" तिची कपडे वाळत घालायची तार काढून तिथं एरियलची तांब्याची तार ताणली. अर्थिंगला तांब्याचा एक पत्रा कायम ओल्या जमिनीत पुरावा लागतो, तो केळीच्या बुडाशी पुरला.

त्या टिकटिकीला मोर्स म्हणतात, लांब-आखूड ठोक्यांची इंग्रजी अक्षरं. संध्याकाळी मी ती घोकायचो आणि ती भाकरी थापायची. ऐकून ऐकून ती माझ्याआधी शिकली. पूर्ण पंजाची थाप लांब, नुसत्या बोटांची आखूड. लांब, आखूड, लांब म्हणजे माझं झालं, आता तू बोल. ते थापून ती मला जेवायला बोलवायची. पहिल्यांदा कोलंबोच्या एका माणसानं उत्तर दिलं. तिनं विचारलं, "काय बोलना तो?" म्हटलं, तिकडं वारा सुटलाय. "इतला लांबथून इतलंच सांगस?"... आणि पदर तोंडात धरून हसत बसली.

मग लढाई लागली. हुकूम आला, सगळी यंत्रं जमा करा. मी पाट उचलून निघालो तर तिनं हातातून ओढला. "नही देवानं." डब्यात घालून आम्ही तो केळीखाली पुरला. पुढं बेचाळीसच्या चळवळीत लोकांनी जागोजागी सरकारी तारा तोडल्या, पोलीस पिसाळले. जुने परवानेवाले त्यांनी हुडकून काढले. त्या वेळी यंत्र सापडलं असतं तर मी तुरुंगात सडलो असतो, नाहीतर फासावर गेलो असतो.

जमादार तीन शिपाई घेऊन आला. खोली उकरली, गोधड्या फाडल्या, डाळ-दाणे मोरीत ओतले. केळीखालच्या चिखलात मात्र कोणी हात घातला नाही, घाण वाटली. मग मला आडवा पाडला. जमादार मथुरेला म्हणाला, "तू भाकरी टाक. आम्ही जेवून जाणार." काठ्या पाठीवर पडत होत्या आणि ती पीठ मळत होती. एका शिपायानं माझा हात उंबऱ्यावर दाबला, जमादारानं बोटांवर बुटाची टाच ठेवून फिरवली. हाड मोडल्याचा आवाज आधी आला, कळ मागून. "काय भाऊ, तोंडात केळं धरलंय का? बोल की." माझं धोतर ओलं झालं होतं. केळ, एवढाच शब्द जिभेवर होता. तोंड उघडलं...

चुलीकडून थाप आली. लांब, आखूड. मग तीन लांब. नो. पुन्हा तेच. एवढं इंग्रजी मला येत होतं. मी तोंड मिटलं.

त्यांना काही कळलं नाही, पण मी मिटलो एवढं दिसलं. जमादारानं माझ्या तोंडावर लाथ घातली, चार दात गेले. तेवढ्यात तवा आला. तिनं तो दोन्ही हातांनी चुलीवरून उचलला आणि त्याच्या गालावर बसवला. कातडं करपल्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. मग शिपायांनी तिला केसांना धरून ओट्यापर्यंत फरपटत नेलं. बंदुकीच्या दस्त्यानं उजवं मनगट फोडलं, कानशिलात मारून कानातून रक्त काढलं. मी पालथा पडून बघत होतो. मला उठता आलं नाही. त्या कानानं तिला पुन्हा कधी ऐकू आलं नाही.

तवा मारला म्हणून तिला तुरुंग झाला. यंत्र मिळालं नाही म्हणून मी सुटलो.

इंग्रज गेल्यावर केळीखाली खणलं. पाट कुजून पोचट, वाल्वात पाणी. मी रडायला लागलो तर म्हणाली, "बठ्ठं सडी गयं. तुम्ही नही सडनात, बस." नंतर ती डाव्या हातानं थापायची. भाकरी वाकडी व्हायची, थाप चुकायची नाही.

आता भाकरी मीच करतो. पुतणसून म्हणते, आबा, उठा, मी थापते. उठत नाही. माझी बोटं त्या दिवसापासून वाकडी, त्यामुळं आखूड थाप नीट पडत नाही. तरी थापतो. लांब, आखूड, लांब. मग हात पिठात तसाच ठेवून थांबतो. तव्यावरची करपेपर्यंत.